चाळीस पावलांवरून

माझ्याकडे बेस गिटारी नऊ आहेत आणि त्या वाजवायच्या मशिनी, म्हणजे अँप्लिफायर, सहा. सौंदडात हा आकडा सांगितला की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो. हात दोनच. मग तो विचारतो, "एवढ्या कायले लागतात?" हाच प्रश्न माझी बायको बावीस वर्षं विचारते आहे, आणि प्रत्येक नवी गिटार घरात येताना मी तिला वेगळं उत्तर दिलेलं आहे. ही प्रस्तावना लांबली तर त्याचं कारण ते समजावं. एवढ्या वर्षांची उत्तरं एकदम द्यायची आहेत.

पुढच्या पानांतल्या नोंदी एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपडीतून उतरवल्या आहेत. आमच्याकडे धानाच्या हिशेबाला अशी चोपडी वापरतात. पोती, वजन, भाव असे रकाने आधीच आखलेले असतात. मी पोत्यांच्या रकान्यात गिटार लिहिली, वजनाच्या रकान्यात मशीन, आणि भावाच्या रकान्यात काय ऐकू आलं ते. पहिली नोंद 1997 सालची आहे. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, म्हणून वर पत्ता भंडारा जिल्ह्याचा आहे. दोन वर्षांनी जिल्हा बदलला, गिटारही बदलली.

गाव कुठे आहे ते सांगायला हवं, कारण नोंदींमधलं निम्मं गावामुळेच घडलं. सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेही इथूनच जाते. त्याच रुळावर पुढे वडसा. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं तिथे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्ताने रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारं तिकिटाचं नाटक. रंगमंचासमोर खालच्या खड्ड्यात वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सिंथेसायझर. बेस गिटार ही तिथे चैन आहे. बहुतेक ठिकाणी सिंथेसायझरवाला डाव्या हातानेच ते काम भागवतो, आणि कंपनीच्या मालकाला एका माणसाचं मानधन वाचवायला कारण मिळतं. तरी काही हंगाम मी त्या खड्ड्यात बसलो. बाकीचं वर्ष एप्रिलमधल्या भीमगीतांच्या कार्यक्रमांवर, नवरात्रातल्या जागरणांवर आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रावर गेलं. धुमाल आणि डीजे आल्यावर लग्नं हातची गेली. भीमगीतं राहिली.

म्हणजे मी स्टुडिओतला वादक नाही. या वहीत ज्या जागा येतात त्या शाळेची पटांगणं, धान काढून झालेली बांधी, बाजारओळ आणि एखादं सभागृह अशा आहेत. पुण्यामुंबईच्या वादकाने हे लक्षात ठेवून वाचावं. त्याला जी गिटार चांगली वाटेल ती इथे कुचकामी ठरलेली दिसेल, आणि उलटंही.

पहिली गिटार नागपुरात मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतली. देशी, प्लायवूडची, लाल रंगाची, खुंट्या सैल. तिच्या मानेत लोखंडी सळई नव्हती. ही सळई काय करते ते तेव्हा माहीत नव्हतं. बेसच्या चार जाड तारा मानेला सतत पुढे ओढत असतात. चांगल्या गिटारीत मानेच्या आत एक सळई असते, ती चावीने आवळली की मान तारांविरुद्ध मागे खेचली जाते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. लाकूड दोन्ही वेळा हलतं. माझ्या लाल गिटारीची मान पहिल्याच पावसाळ्यात धनुष्यासारखी झाली. बाराव्या पडद्यावर तार एवढी उंच गेली की खालून करंगळी जाई. आजही दर जूनमध्ये आणि दर नोव्हेंबरात मी बाकीच्या सगळ्या गिटारींच्या सळया पाव आटा फिरवतो. बायको त्याला पोळा म्हणते. ओळीने उभ्या करून एकेकीला हात लावतो म्हणून.

त्या लाल गिटारीचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी हे वाद्य आलं कुठून ते थोडक्यात.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार बरं वाटलं, कारण माझ्या ओळखीतला सगळ्यात चांगला कान असलेला माणूसही मोटारी रिवाइंड करतो आणि त्याला टाळही धड वाजवता येत नाही. 1951 साली फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी ऑर्केस्ट्रात माणसाएवढा उभा डबल बेस असे. तो गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ब्रास वाजू लागलं की त्याचा आवाज बुडायचा. त्याला पडदे नसत, सूर बोटाने शोधावा लागे. फेंडरने चौतीस इंचांच्या तारेखाली पडदे ठोकले, म्हणजे बोट ठेवलं की सूर नेमका येणार. प्रिसिजन नाव त्यावरूनच पडलं. याआधी सिॲटलमध्ये पॉल टुटमार्कने 1930च्या दशकात पडद्यांचा विजेवरचा बेस केला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला. 1952 साली त्याने बेससाठी म्हणून बेसमन नावाचा अँप्लिफायर काढला. गंमत अशी की तो बेसवाल्यांपेक्षा लीड गिटारवाल्यांनी डोक्यावर घेतला, आणि इंग्लंडात जिम मार्शलने आपला पहिला अँप्लिफायर त्याच्याच नकाशावरून बांधला. बेसवाल्याच्या ताटातलं दुसऱ्याने खाणं असं पहिल्या वर्षापासूनच सुरू आहे. 1960 साली जॅझ बेस आला. त्याची मान निमुळती आणि तारांचा आवाज टिपणारे पिकअप दोन. आजही दुकानात भिंतीवर लटकणाऱ्या बहुतेक बेस गिटारी या दोन घाटांच्या लेकी-सुना आहेत. माझ्या नऊपैकी सहा आहेत.

आता हावेबद्दल. दुसरी गिटार घेतली ती गरजेने, तिसरी ऐपत आली म्हणून, आणि चौथीपासून मात्र कारणं शोधावी लागली. पाच तारांची, बॅटरीवर चालणारी, चकचकीत लाकडाची एक गिटार मी मुंबईच्या दुकानात दोन तास वाजवून घेतली. तिची खालची तार बी सुराची, सेकंदाला एकतीसच्या आसपास कंपनं. दुकानातल्या लहान वातानुकूलित खोलीत ती तार छेडली की छातीत कोणीतरी दार लोटल्यासारखं वाटे. मी ती सौंदडला आणली, शेजाऱ्यांच्या भांड्यांच्या फळ्या वाजवून दाखवल्या, आणि पहिल्याच भीमगीतांच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. अर्ध्या कार्यक्रमात ती मेली. आतली नऊ व्होल्टची बॅटरी संपली होती. अशा गिटारीत वायर खुपसलेली असली की आतलं सर्किट चालूच राहतं, आणि मी आदल्या रात्रीपासून वायर तशीच ठेवली होती. चूक माझी, शिव्या सिंथेसायझरवाल्याच्या.

पुढच्या कार्यक्रमाला नवी बॅटरी घातली. वाजवून खाली उतरलो. मोटारी रिवाइंड करणारा तो दोस्त मागे खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत होता. त्याला विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "हादरा येते भाऊ. गाना नाई येत."

या एका वाक्यावर ही वही उभी आहे. बेस गिटारीच्या जाड ई तारेची कंपनं सेकंदाला एक्केचाळीस. त्या सुराची हवेतली एक लाट सव्वाआठ मीटर लांब. लहान खोलीत अशी लाट भिंतीवर आपटते, कोपऱ्यात साठते आणि कानाला भरगच्च वाटते. उघड्या मैदानात भिंतच नाही, तिथे ती चांदण्यात निघून जाते. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मुळातच मठ्ठ. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून ठेवलं आहे: मधल्या पट्टीतला सूर जेवढ्या जोरात ऐकू येतो, तेवढाच खालचा ऐकू यायला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. आवाज कमी असेल तर फरक आणखी वाढतो. मी मशीनवरचं बेसचं बटण पूर्ण फिरवत होतो आणि शेवटच्या रांगेतला माणूस फक्त थरथरत होता.

मग ऐकू काय येतं? त्याचं उत्तर आमच्या घरच्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये होतं. त्याचा स्पीकर तळहाताएवढा. एक्केचाळीसची कंपनं त्यातून बाहेर पडणं शक्यच नाही. तरी त्याच ट्रान्झिस्टरवर मी लहानपणी राहुल देव बर्मनच्या गाण्यांतला बेस ऐकला, तोंडाने म्हटला, पुढे बोटात बसवला. त्यातलं बरंचसं टोनी वाझ यांचं वाजवणं होतं हे नाव मला फार उशिरा कळलं. तार छेडली की तिच्या मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. तेवढे कानापर्यंत पोचले तर मेंदू खालचा मूळ सूर आपल्या पदरचा घालतो. म्हणजे खर्ज पोचवायचा तर मधल्या पट्टीतून पोचवावा लागतो. तबलजी डग्ग्याचं घुमणं सांभाळतात तसं त्यावरच्या थापेचं टोकही सांभाळतात, ते उगाच नाही. मी दुसऱ्या दिवशी बेसचं बटण निम्म्यावर आणलं आणि मधलं वाढवलं. दोस्त म्हणाला, "आता कोनता सूर वाजवला ते समजते."

इथपासून तुलनेला शिस्त आली. आमच्या ओळखीच्या एका राईस मिलच्या मागे मोकळं अंगण आहे, मिल बंद झाल्यावर रात्री तिथे फक्त कोंड्याचा ढीग आणि कुत्री. मशीन जमिनीवर ठेवायची, आवाजाचं बटण खडूच्या खुणेवर, आणि एकच ओळ सगळ्या गिटारींवर वाजवायची. दोस्त चाळीस पावलं मोजून पाठ करून उभा. माझ्यासमोर चादर बांधलेली, म्हणजे त्याने वळून बघितलं तरी गिटार दिसू नये. तो आकडा ओरडणार, मी लिहिणार. पहिल्या रात्री पाच गिटारी होत्या. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांच्यात किमतीचा फरक अकरा पट. त्याने चार वेळा ऐकून दोनदा महागडीला पहिला नंबर दिला आणि दोनदा स्वस्तीला. मग वैतागून म्हणाला, "मले तं सारख्याच वाटते. तू तारा बदलून पाय." तारा बदलल्या. ते मात्र त्याला प्रत्येक वेळी कळलं.

त्या रात्री मी घरी जाऊन जेवलो नाही. अकरा पटीचा हिशेब मनात फिरत होता.

तारांबद्दल या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, कारण बोटांखालोखाल खरा फरक तिथेच पडतो असं माझं मत झालं आहे. गोल वेटोळ्याच्या नव्या तारा झणझणीत वाजतात, तीन-चार कार्यक्रमांत घामाने बसतात. चपट्या पट्टीच्या तारा पहिल्या दिवसापासून मऊ, आणि जुन्या होतील तितक्या गोड. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतला जेम्स जेमरसन 1962च्या प्रिसिजनवर चपट्याच तारा लावत असे आणि तुटल्याशिवाय बदलत नसे. आमच्याकडे न बदलण्याचं कारण वेगळं, पैसे. गोल तारा मळल्या की त्या काढून पाण्यात उकळतात, मळ सुटतो आणि दोन-चार रात्री त्या पुन्हा बोलतात. मी एकदा घरच्या भाताच्या गंजात उकळल्या. त्या गंजात नंतर भात झाला नाही, तो गंज आजही माझ्या नावाने वेगळा ठेवलेला आहे.

मशिनींच्या बाबतीत मात्र चाळीस पावलांवरचा निकाल कधी बदलला नाही. गिटार ओळखता न येणारा माणूस मशीन एका सुरात ओळखे. सुरुवातीला मंडपवाल्याची अहुजाची मशीन आणि भोंगे हेच होतं. भोंगा भाषणासाठी केलेला, त्याला खालचं काही सुचत नाही, पण शेवटच्या रांगेत सूर पोचत असे तो त्यातूनच. आज मला त्याचं नवल वाटत नाही. नंतर पंधरा इंची स्पीकरची पेटी आली, मग दहा इंची चार स्पीकरांची. लोक मोठा स्पीकर म्हणजे मोठा खर्ज समजतात. दहाचे चार मैदानात पंधराच्या एकाला भारी पडले, कारण ते मधलं स्वच्छ बोलतात. अँपेग कंपनीच्या एसव्हीटीची कीर्ती मी आयुष्यभर ऐकली. 1969चा, तीनशे वॉटचा, व्हॉल्व्हचा, सोबत दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी. त्या पेटीचाही जोर साठ कंपनांच्या आसपास ओसरू लागतो. ज्या आवाजाला जग खर्ज म्हणतं, त्यातला बराच भाग खर्जाच्या वरचा आहे.

वॉटच्या आकड्यावर भाळू नये. वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. शंभरची मशीन विकून दोनशेची घेणाऱ्याने आधी स्पीकर वाढवावा. पण वाढवताना ओहम बघावेत. चार ओहमपर्यंत चालणाऱ्या मशीनवर मी एका लग्नात आठ ओहमच्या तीन पेट्या जोडल्या. दोन जोडल्या असत्या तर बरोबर चार झाले असते, तिसरीने ते पावणेतीनच्याही खाली गेले. वरमाला पडता पडता मशीनमधून धूर आला. लोकांना तो फॉगचा वाटला, टाळ्या पडल्या. आताच्या नव्या पद्धतीच्या मशिनी पाचशे वॉट देतात आणि दोन-तीन किलोच्या असतात, पिशवीत घालून रेल्वेने नेता येतात. माझी पाठ त्यांना दुवा देते. कानाचं मत अजून ठरलेलं नाही.

मशीन कुठे ठेवली यावरही खूप अवलंबून असतं. रिकाम्या ड्रमांवर फळ्या टाकून केलेल्या रंगमंचावर मशीन ठेवली की सगळा मंचच डफासारखा घुमतो, आणि एखादाच सूर इतरांच्या दुप्पट मोठा होतो. तो सूर गाण्यात वारंवार आला तर गायिका वळून बघते. यावर उपाय म्हणजे मशीन खाली मातीत ठेवणं. नाटकाच्या खड्ड्यात बसण्याचा तेवढा एक फायदा.

अर्थिंग हा स्वतंत्र छळ आहे. एकाच वेटोळ्याच्या पिकअपची गिटार असली की आसपासच्या विजेची घरघर त्यात शिरते. आपली वीज पन्नास कंपनांची, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर एकोणपन्नासचा. म्हणजे घरघर जवळजवळ सुरातच असते, किंचित चढी. जनरेटरवर कार्यक्रम असेल आणि इंजिन दमायला लागलं की ती उतरत उतरत बरोबर माझ्या सुरावर येते, मग खाली जाते. मंचावर हॅलोजन एकदम पेटले की खोकते. मी तिच्याशी भांडणं सोडून दिलं. त्या पट्टीतलं गाणं असेल तर तानपुरा फुकट मिळाला असं समजतो.

आता ती लाल गिटार. मान वाकल्यावर ती वर्षभर माळ्यावर होती. जॅको पास्टोरियसची बिनपडद्यांची गिटार कॅसेटवर ऐकली आणि झोप उडाली. त्याने 1962च्या जॅझ बेसच्या मानेवर बोटीला लावतात तो इपॉक्सी चढवला होता. आमच्याकडे बोटी नाहीत, तलाव आहेत आणि सुतार आहेत. गावातल्या सुताराने पडदे एकेक करून काढले. सोल्डरिंगचं तापलेलं लोखंड पडद्यावर धरायचं, पडदा तापला की पक्कड तिरकी करून अलगद उचलायची, नाहीतर लाकडाचा ढलपा निघतो. वीस फटी झाल्या. त्या कशाने भरायच्या यावर आम्ही चहा प्यायलो. त्याने सूप विणणाऱ्याकडून बांबूच्या पातळ कामट्या आणल्या, फटीत सरस घालून बसवल्या आणि पटाशीने सपाट केल्या. गडद लाकडावर बांबूच्या पिवळ्या रेघा उमटल्या. पडदे होते कुठे ते कळावं म्हणून त्या रेघांचा मला आधार. मान सरळ करायला त्याने ती तीन दिवस दोन फळ्यांत आवळून ठेवली. पूर्ण सरळ झाली नाही, पण पडदे नसलेल्या मानेला थोडा बाक चालतो. त्या गिटारीवर पहिल्यांदा मींड घेतली तेव्हा सुतार म्हणाला, "आता हे आपल्या भजनात चालल."

चालली. गुरुपौर्णिमेला ती अजून बाहेर निघते. विकायला काढली तर तिची किंमत तारांच्या एका जोडाएवढी येईल.

या वहीत चौदा गिटारींच्या नोंदी आहेत, घरात नऊ आहेत. पाच विकल्या. त्यातली एक विकल्याचं वाईट वाटतं, ती कोणती ते वाचणाऱ्याला नोंदींवरून कळेल. तीन गिटारी मी निव्वळ हावेने घेतल्या हेही लिहून ठेवतो, त्यांच्या भावाच्या रकान्यात फारसं काही सापडणार नाही. नोंदी तारखेच्या क्रमाने छापल्या आहेत, म्हणून सुरुवातीची मतं नंतरच्या मतांशी भांडतात. 2003 सालचा मी पाच तारांशिवाय बेस नाही असं म्हणतो. पुढच्याच वर्षीचा मी गप्प आहे. ते दुरुस्त केलेलं नाही. घाई असेल त्याने मशिनींचं प्रकरण आधी वाचावं, गिटारींचं नंतर. नवी गिटार घ्यायला निघालेल्याने पहिले पैसे तारांवर, दुसरे स्पीकरवर खर्च करावेत, आणि उरले तर मला भेटावं. दोन मी विकायला तयार आहे, बायकोला विचारलेलं नाही.

चाळीस पावलांवर उभा राहणारा दोस्त आता साठीच्या पुढे आहे. वयाने त्याचे वरचे सूर गेले. मोबाइलची घंटी त्याला ऐकू येत नाही, नातवाचं बोलणं अर्धं सुटतं. परवा आम्ही खूप दिवसांनी मिलच्या मागे गेलो. कोंड्याचा ढीग तसाच, कुत्री नवी. चादर बांधली नाही, त्याला एवढ्या लांबून दिसतही नाही. मी लाल गिटार लावली आणि काही न बोलता तारा एकेक करून छेडल्या. त्याने पाठमोऱ्यानेच हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "हे बांबूवाली होय. तिसरी तार उतरली आहे."

तपासली. उतरली होती.